हमीद दलवाईंचे स्तुतिपाठक

हमीद दलवाई यांचे नाव निघाले की आमच्या सुशिक्षित घरांतून माना डोलू लागतात. व्याख्यानमालेत, वाचनालयाच्या ओट्यावर, क्वचित लग्नाच्या पंगतीतही एक वाक्य हमखास कानी पडते : "असा एखादा माणूस त्यांच्यात दर पिढीला निपजला असता, तर या देशाचे पुष्कळ प्रश्न सुटले असते." बोलणाराच्या हेतूविषयी आम्ही शंका घेत नाही. परंतु या वाक्यातला 'त्यांच्यात' हा शब्द आमच्या घशाखाली उतरत नाही. दलवाईंनी आपले कार्य ज्या नावाने मांडले त्या नावाचा अर्थ हे स्तुतिपाठक विसरले आहेत, अथवा तो त्यांना कधी ठाऊकच नव्हता. दलवाईंची निंदा करणारांनी त्यांचे जेवढे नुकसान केले, त्याहून अधिक या स्तुतीने केले आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि हे मत आम्ही येथे सविस्तर मांडणार आहो.

प्रथम दलवाईंनी केले काय, ते पाहू. चिपळूणजवळच्या मिरजोळी गावी १९३२ साली त्यांचा जन्म झाला. राष्ट्र सेवा दलात ते घडले, 'मराठा' दैनिकात त्यांनी पत्रकारी केली, आणि 'इंधन' ही कादंबरी लिहून मराठी वाचकांस कोकणच्या मुसलमान समाजाचे अंतरंग दाखविले. १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईच्या विधिमंडळावर त्यांनी एक मोर्चा नेला. त्या मोर्चात मुसलमान स्त्रिया होत्या अवघ्या सात! एका दमात तीनदा 'तलाक' म्हणून बायकोला घराबाहेर काढण्याची मुभा बंद करा, बहुपत्नीकत्व बंद करा, सर्वांना एकच नागरी कायदा लागू करा, एवढेच त्यांचे मागणे होते. त्या सातांत दलवाईंच्या पत्नी मेहरुन्निसाबाईही होत्या. सात बायकांच्या मोर्चाला हसणे सोपे असते, आणि त्या काळी पुष्कळ लोक हसलेही असतील. पण घरच्या भिंतीआड ज्या गोष्टीचा उच्चार करण्याची चोरी, ती भर रस्त्यात बोलण्यास सात जणी निघाल्या, ही गोष्ट सात हजारांच्या मोर्चाहून लहान नव्हे.

पुढे २२ मार्च १९७० रोजी पुण्यात दलवाईंनी मंडळ स्थापन केले, त्याचे नाव 'मुस्लिम सत्यशोधक मंडळ'. त्यानंतर जेमतेम सात वर्षे त्यांना मिळाली. ३ मे १९७७ रोजी मूत्रपिंडाच्या विकाराने ते वारले, तेव्हा त्यांनी वयाची पंचेचाळिशीही गाठली नव्हती. आपल्यामागे कोणताही धार्मिक विधी करू नये व देहाचे दहन करावे, असे त्यांनी सांगून ठेवले होते आणि तसेच झाले. सर्वोच्च न्यायालयाने तिहेरी तलाक अवैध ठरविला तो २२ ऑगस्ट २०१७ रोजी. सात स्त्रियांच्या त्या मोर्चापासून मोजले तर एक्कावन्न वर्षांनी! या एक्कावन्न वर्षांचा जाब ज्यांच्याकडे मागावयाचा त्यांत पहिला क्रम अर्थातच मुसलमान समाजाच्या स्वयंघोषित पुढाऱ्यांचा लागतो, आणि तो मागताना आम्ही शब्द मऊ करणार नाही.

मुसलमानी विवाहकायद्यास हात लावणे म्हणजे धर्मात ढवळाढवळ, असे या पुढाऱ्यांनी सतत सांगितले. हे सांगणे त्या वेळीही खोटे होते. तुर्कस्तानने १९२६ मध्येच नवा नागरी कायदा स्वीकारला. इजिप्तने १९२९ च्या कायद्याने एका बैठकीत उच्चारलेले तीन तलाक एकच धरावे असे ठरविले. ट्युनिशियाने १९५६ मध्ये बहुपत्नीकत्व समूळ बंद केले. फार कशाला, ज्या पाकिस्तानाची निर्मितीच इस्लामच्या नावे झाली, त्यानेही १९६१ च्या वटहुकुमाने तलाक आणि दुसरा विवाह यांवर निर्बंध घातले. कैरो आणि कराची येथे ज्याने धर्म बुडत नाही त्याने मुंबईत आणि मेहकरात तो कसा बुडतो, याचे उत्तर आम्हांस आजवर कोणी दिलेले नाही. १९७३ मध्ये अखिल भारतीय मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड उभे राहिले ते हा कायदा जसाच्या तसा राखण्यासाठी. २३ एप्रिल १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इंदूरच्या शाहबानो या वृद्ध स्त्रीच्या पोटगीचा हक्क मान्य केला, तेव्हा याच मंडळींनी देशभर काहूर माजविले. आणि राजीव गांधींच्या सरकारने १९८६ मध्ये कायदा करून त्या निकालाची धार बोथट केली. २०१७ च्या खटल्यात तर या बोर्डाने, एका दमातला तलाक हे पाप आहे खरे पण ते कायद्याने ग्राह्य आहे, अशी भूमिका न्यायासनापुढे घेतली. पाप आहे हे मान्य, आणि तरीही ते चालू राहावे! धर्माच्या रक्षकांनी धर्माची याहून मोठी नाचक्की दुसरी कोणती करावी?

येथवर आमचे स्तुतिपाठक वाचक प्रसन्न झाले असतील. त्यांनी आता जरा सावरून बसावे.

दलवाईंना आपल्या मंडळासाठी नावांचा तोटा नव्हता. 'सुधारणा मंडळ' म्हणता आले असते, 'प्रागतिक संघ' म्हणता आले असते. अरबी-फारसी वळणाचे, समाजाच्या कानाला ओळखीचे एखादे नावही घेता आले असते. ते कदाचित अधिक सोयीचेही झाले असते. त्यांनी घेतले ते जोतीराव फुल्यांचे नाव. २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यातच स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाचा हा शब्द शंभराव्या वर्षाकडे झुकत असताना एका मुसलमानाने उचलला आणि आपल्या दारावर लावला. हा उसनवारीचा व्यवहार नव्हता. त्या घराण्यात मुसलमानाचा वाटा आरंभापासून होताच. लहानग्या जोतीची शाळा सुटली तेव्हा त्याला पुन्हा शाळेत घालावे म्हणून गोविंदरावांचे मन वळविणारांत गफार बेग मुनशी हे शेजारी होते. सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी माहेराहून जोतीरावांस लिहिलेल्या पत्रात, आपल्यामागे कामाचा भार वाहणाऱ्या फातिमेची आठवण आहे. आणि जोतीरावांनी स्वतः महंमद पैगंबरावर 'मानव महंमद' ही रचना केली, ती गौरवाचीच.

आता एक विसंगती दिसते ती आम्ही लपविणार नाही, कारण आमच्या म्हणण्याचे मर्म तीतच आहे. जोतीरावांनी पैगंबराच्या समतेचे गुणगान केले. दलवाईंनी पैगंबराच्या नावाने चालणाऱ्या कायद्याची निर्भयपणे चिकित्सा केली. मग एकाच शब्दाखाली ही दोन टोके कशी नांदतात? कोण बोलतो आणि कोणाशी बोलतो, हे पाहिले म्हणजे कोडे उलगडते. जोतीराव हिंदूंशी बोलत होते. ज्याला तुम्ही म्लेंच्छ म्हणता त्याच्याकडे एका ताटात जेवण्याची रीत आहे आणि तुमच्याकडे विहिरीवर पहारा आहे, हे त्यांना आपल्या माणसांच्या पदरात घालावयाचे होते. दलवाई मुसलमानांशी बोलत होते. समतेचा डंका वाजविणाऱ्या घरात अर्धी माणसे एका शब्दाने बेघर होतात, हे त्यांना आपल्या माणसांच्या पदरात घालावयाचे होते. दोघांनीही परक्याला दिलासा दिला आणि आपल्यांना प्रश्न विचारला. दलवाईंचे शब्द घेऊन जो हिंदू गृहस्थ मुसलमानास बोल लावतो, तो दलवाईंचे पत्र फोडून त्यावर दुसराच पत्ता घालतो. अक्षर दलवाईंचे खरे, पण ते पत्र आता दलवाईंचे राहिलेले नसते.

हे आम्ही कल्पनेने बोलत नाही. वऱ्हाडच्या पश्चिम टोकाला असलेला बुलढाणा जिल्हा घ्या. पुण्यामुंबईचे सुशिक्षित या जिल्ह्यास जिजाऊंचे सिंदखेड, लोणारचे सरोवर आणि शेगावचे संस्थान यांपलीकडे फारसे ओळखत नाहीत. पण जोतीरावांचे पहिले विस्तृत चरित्र म्हणून जे ओळखले जाते, ते १९२७ मध्ये लिहिले या जिल्ह्यातील चिखलीच्या पंढरीनाथ सीताराम पाटील यांनी. पुण्याच्या विद्वानांनी ज्या पुरुषाची दखल घेण्याचे टाळले, त्याच्या आठवणी आणि कागदपत्रे गोळा करण्याचे काम वऱ्हाडातल्या एका गावाने केले. धनंजय कीर यांचा इंग्रजी ग्रंथ यावयास त्यानंतर पस्तीसहून अधिक वर्षे लागली. दलवाईंच्या हाती 'सत्यशोधक' हा शब्द जिवंत पोहोचला, त्याचे काही श्रेय चिखलीकडे जाते, हे दलवाईंचे किती स्तुतिपाठक जाणतात?

याच जिल्ह्यात पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांचा दर्गा आहे. होळीच्या सुमारास तेथे मोठी यात्रा भरते, नारळांची होळी पेटते, आणि 'बाहेरचे लागले' म्हणून ज्यांना घरच्यांनी आणले अशी कितीतरी दुबळी, भेदरलेली माणसे तेथे दिसतात. दर्गा मुसलमान साधूचा. परंतु नारळ वाहणारांत, संदलाच्या मिरवणुकीत, आणि आजारी लेकीला दर्ग्यापुढे आणून बसविणाऱ्या आईबापांत हिंदू किती असतात, हे ज्याने ती यात्रा पाहिली आहे त्याला आम्ही सांगावयास नको. दोन्ही समाजांच्या या एकत्र येण्याचे काही लोकांना मोठे कौतुक वाटते. आम्हांसही वाटते, पण मनाच्या आजाराला भूत म्हणण्यातली एकी आम्हांस नको आहे.

आता येथे आठवण होते ती नरेंद्र दाभोलकरांना सभेसभेत टाकल्या गेलेल्या एका प्रश्नाची : "आमच्याच देवळांपाशी तुमचे शौर्य, दर्ग्यांकडे कधी जाणार?" हा प्रश्न विचारणारे आणि दलवाईंची स्तुती करणारे बहुधा एकाच बाकावर बसलेले असतात. त्यांची समजूत अशी की देऊळ आपले आणि दर्गा त्यांचा. शोध घ्यावयाचाच तर आधी त्यांच्या घरचा घ्यावा. सैलानीने या समजुतीतली हवाच काढून घेतली आहे. तो दर्गा 'त्यांचा' म्हणावा, तर तेथे साखळदंडाच्या भीतीने थरथरणारी मुलगी आपली आहे. ती आपली म्हणून मांत्रिकाला विरोध करावा, तर विरोधाचा कायदा ज्याने मागितला त्याला आपणच धर्मद्वेष्टा म्हटलेले आहे.

त्या कायद्याचा इतिहास थोडक्यात सांगतो. जादूटोणा व अघोरी प्रथांविरुद्धचे विधेयक वर्षानुवर्षे विधिमंडळात अडकून पडले, त्यातली कलमे एकामागून एक गळत गेली, आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांचा भररस्त्यात खून झाल्यावर चार दिवसांत त्याचा वटहुकूम निघाला. ते विधेयक अडविणारांत पुढे कोण होते? वारी बंद पडेल, कीर्तन बंद पडेल, सत्यनारायणाला पोलीस येईल, अशी हाकाटी कोणी केली? पर्सनल लॉ बोर्डाने निश्चितच नव्हे. वास्तविक त्या कायद्याच्या अनुसूचीत पहिलीच बाब आहे ती भूत उतरविण्याच्या मिषाने माणसाला दोरीने वा साखळीने बांधणे, मारणे, चटके देणे यांची. आणि घर, देऊळ, दर्गा येथील ज्या विधींनी शरीरास इजा पोहोचत नाही, त्यांस कायद्यातच सूट दिलेली आहे. दर्गा हा शब्द त्यात लिहिलेला आहे! ज्यांनी तो वाचला नाही त्यांनीच त्याविरुद्ध सर्वांत मोठा गळा काढला.

साखळीचे नाव काढले म्हणजे तामिळनाडूतील एरवाडी आठवल्यावाचून राहत नाही. तेथल्या दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका झोपडीवजा आश्रमास ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली आणि अठ्ठावीस मनोरुग्ण जळून मेले. ते पळू शकले नाहीत, कारण त्यांना बांधून ठेवले होते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधणे कोठेही निषिद्ध ठरविले आहे. एरवाडीनंतर कोणी 'ते दर्ग्यात मेले, आपल्याला काय' असे म्हटले असेल, तर त्याने दलवाईंचे नाव पुन्हा तोंडाने घेऊ नये.

सैलानीसारख्या ठिकाणी दलवाईंच्या वाटेने जावयाचे म्हणजे काय करावयाचे, हेही स्पष्ट बोलू. मुसलमान पुढाऱ्याने, मग तो दर्ग्याचा विश्वस्त असो, मशिदीचा इमाम असो की नगरपालिकेतला सदस्य, होळीपूर्वी उभे राहून आपल्या माणसांना सांगावे की बाबांच्या नावाने कोणाला बांधले वा मारले तर तो गुन्हा आहे, आणि तो आम्ही पोलिसांत नोंदवू. असे बोलणाऱ्या मुसलमानास उद्या घरचे लोक 'काफर' म्हणतील. दलवाईंनाही म्हटले गेले. त्याच आठवड्यात हिंदू शिक्षकाने, वकिलाने, डॉक्टराने आपल्या गल्लीतून सैलानीला निघालेल्या कुटुंबास थांबवून जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाची वाट दाखवावी. त्याला धर्म बुडविणारा म्हणतील. पहिले काम दुसऱ्याने आणि दुसरे पहिल्याने करावयाचे नाही. हिंदू डॉक्टर दर्ग्यापुढे व्याख्यान देऊ लागला की मुसलमान विश्वस्ताचे तोंड आपोआप बंद होते. हा अनुभव आजचा नव्हे. दलवाईंना जे शत्रू लाभले त्यांत त्यांचे काही मित्रही होते, ते याच कारणाने.

यावर आमचे मित्र म्हणतील की तुम्ही मुख्य मुद्द्यास बगल देता. दलवाईंनी मागितला तो समान नागरी कायदा, त्याचे काय? ठीक आहे, तेथेच येऊ. मुंबई प्रांतात १९४६ पर्यंत आणि देशाच्या पुष्कळ भागांत १९५५ पर्यंत हिंदू पुरुषाला एक बायको घरात असताना दुसरी आणण्यास कायद्याची आडकाठी नव्हती. ती आडकाठी सर्व देशाला घालावी म्हणून आंबेडकरांनी हिंदू कोड बिल मांडले, तेव्हा त्याला धर्मबुडवे म्हणणारे कोण होते, आणि १९५१ मध्ये त्यांना मंत्रिपदाचा राजीनामा देण्याची वेळ का आली, हे आमच्या वाचकांस ठाऊक आहे. म्हणजे १९६६ चा तो सात जणींचा मोर्चा हिंदूंच्या एकपत्नीत्वाच्या कायद्यामागून अवघ्या अकरा वर्षांनी निघाला. आपण शतकानुशतके पुढे होतो आणि ते मागे राहिले, असा जो आव आपल्या घरांत आणला जातो, त्याचे वय इतके कोवळे आहे.

पुढे विचारतो. सर्व धर्मांच्या माणसांना सारखा लागू होणारा, कोणत्याही धर्माचे नाव न घेणारा विवाहाचा एक कायदा या देशात आधीच आहे. १९५४ चा विशेष विवाह कायदा तो. दलवाई आणि मेहरुन्निसाबाई यांचा निकाह झाला होता. तरीही त्यांनी महिन्याभरात आपला विवाह या कायद्याखाली नोंदवून घेतला. एका मुसलमान जोडप्याने ज्या कायद्याचा स्वेच्छेने अंगीकार केला, त्याकडे समान कायद्याचा जप करणारी आमची घरे कोणत्या नजरेने पाहतात? मुलगी 'पळून गेली' याचा पुरावा म्हणून! विवाहाच्या इच्छेची नोटीस तीस दिवस कचेरीच्या फलकावर लावावी लागते. ते तीस दिवस म्हणजे दोन तरुण जिवांना गाठण्यासाठी नातेवाइकांना मिळालेली मुदत होऊन बसली आहे. आणि डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र शासनाने आंतरधर्मीय विवाह केलेल्या मुलींच्या 'समन्वया'साठी समिती नेमली, तेव्हा दलवाईंच्या किती चाहत्यांनी तिच्याविरुद्ध दोन ओळी लिहिल्या? समान कायदा हवा, पण तो वापरणारी मुलगी नको, ही कसली समानता म्हणावयाची?

जोतीरावांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त एका कुटुंबाची कल्पना आहे. बाईने बुद्धाचा धर्म वाचून तो पसंत करावा, तिच्या नवऱ्याने बायबल वाचून ख्रिस्ती व्हावे, मुलीने कुराण वाचून मुसलमान व्हावे, मुलाने सार्वजनिक सत्यधर्म घ्यावा, आणि या सर्वांनी एकमेकांचा हेवा न करता एका घरात प्रेमाने राहावे. चिखलीच्या पाटलांनी ज्यांचे चरित्र लिहिले ते हे जोतीराव, आणि दलवाईंनी ज्यांचे नाव आपल्या मंडळाला दिले ते हे जोतीराव. दलवाईंच्या पुण्यतिथीला ३ मे रोजी व्याख्याने होतील, माना डोलतील, 'त्यांच्यात' असा माणूस पुन्हा का झाला नाही याची हळहळही होईल. त्या सभांतील यजमानांना आमचा एकच प्रश्न आहे. जोतीरावांच्या त्या कुटुंबातली कुराण वाचणारी मुलगी तुमच्या घरची असती आणि तिचे नाव बुलढाण्याच्या विवाह अधिकाऱ्याच्या फलकावर लागले असते, तर त्या तीस दिवसांत तुम्ही काय केले असते? उत्तर आम्हांस कळविण्याची गरज नाही. व्याख्यात्याला निमंत्रण देण्यापूर्वी ते आपल्या मुलीस सांगावे.